विड्याची चौकशी : डॉ. कमल रणदिवे यांचें संशोधन

अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें गांव आहे. महानुभाव पंथाचें तें महास्थान. गोविंदप्रभूंचें वास्तव्य तेथें झालें, आणि चक्रधरस्वामींच्या आठवणी गांवोगांव हिंडून गोळा करण्याचा म्हाइंभटांचा उद्योगहि तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथेंच सिद्धीस गेला. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु त्या काळच्या नित्यव्यवहाराची वही म्हणून तो ग्रंथ चाळला, तर तांबूलाचा उल्लेख त्यांत पुनःपुन्हा भेटतो. आदरसत्कार म्हटला कीं विडा आलाच. मात्र त्या विड्यांत तंबाखू सांपडणार नाहीं. सांपडावी तरी कशी? तंबाखू ही अमेरिका खंडांतील वनस्पति. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली, ती म्हाइंभटांच्या मागून सुमारें तीनशें वर्षांनीं.

१६०४-०५ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला आला होता. त्यानें तेथून तंबाखू नेऊन बादशहापुढें ठेवली. हकिमांनीं नाकें मुरडलीं, तरी दरबारी मंडळींत तिचा फैलाव झालाच. १६१७ सालीं जहांगीरानें तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचें पुढें काय झालें तें निराळें सांगावयास नको. हळूहळू विड्यांतहि तंबाखू शिरली, आणि सातशें वर्षांपूर्वींच्या पानसुपारीचें रूप पालटलें.

वऱ्हाडांत आज विड्याची जागा बऱ्याच अंशीं खर्ऱ्यानें घेतली आहे. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना हीं पन्नीवर घोटावयाचीं आणि तो लगदा गालांत धरावयाचा, अशी ही रीति. ती सोडा, असें कोणी म्हटलें कीं पारावरून ठरलेलें उत्तर येतें, "आमचा आजा नव्वद वर्षें जगला, मरेपर्यंत तंबाखू खात होता." हें उत्तर हंसण्यावारीं नेण्यासारखें नाहीं. त्यांत एक खरा शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. एकच पदार्थ दोघांनीं खाल्ला असतां एकाला तोंडाचा कर्करोग होतो आणि दुसऱ्याला होत नाहीं, असें कां? शरीरांत जन्मतः काय असतें आणि बाहेरून शरीरांत काय येतें, अशा या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. त्या दोन्ही बाजूंना हात घालण्याचा योग ज्यांच्या आयुष्यांत आला, अशा एका मराठी संशोधिकेची ही हकीकत आहे. त्यांचें नांव डॉ. कमल रणदिवे.

बाहेरील पदार्थानें कर्करोग होतो हा संशय जुना आहे. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, धुराडीं झाडणाऱ्या पोरांना पुढें एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचें मूळ काजळींत आहे. परंतु संशय निराळा आणि पुरावा निराळा. तो पुरावा मिळण्यास एकशेंचाळीस वर्षें लागलीं. १९१५ सालीं यामागिवा आणि इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनीं सशांच्या कानांवर महिनोन्महिने कोळशाचें डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. पुढें १९२७ सालीं अमेरिकेंत हर्मन मुलर यांनीं क्ष-किरणांच्या योगानें फळमाशीच्या अनुवंशांत कायमचे बदल घडवून आणले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एडिंबरो येथें शार्लट आउअरबाख आणि रॉब्सन यांनीं दाखवून दिलें कीं, मस्टर्ड वायूसारखें रासायनिक द्रव्यहि तेंच करूं शकतें. येथून एका नव्या शास्त्राची वाट निघाली. विषारी पदार्थ माणसाला तत्काळ मारतो कीं नाहीं, एवढेंच आतां पहावयाचें नव्हतें; पेशीच्या गाभ्यांतील अनुवंशाचा लेख तो बिघडवितो काय, हें पहावयाचें होतें.

आपल्याकडे या विचाराचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळेंत खानोलकरांचें काम सुरू झालें. त्यांची नजर केवळ सूक्ष्मदर्शकाच्या नळींत गुंतून पडलेली नव्हती. लोक नेसतात कसे, खातात काय, ओढतात काय, हेंहि ती हेरीत असे. १९४५ सालीं त्यांनीं आणि डॉ. सूर्याबाई यांनीं लोकांच्या संवयी आणि कर्करोग यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर कमरेशीं करकचून बांधल्यानें वर्षानुवर्षें एकाच जागीं त्वचा घासते आणि तेथें कर्करोग होतो. खैनी ओठाखालीं धरल्यानें नेमका तेथेंच होतो. अशीं उदाहरणें त्यांत होतीं. पाश्चात्त्य पुस्तकांत हीं उदाहरणें मिळणें शक्यच नव्हतें. अशा गुरूजवळ कमलबाई शिकल्या.

कमलबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यास समर्थ घराण्यांत झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीचें शिक्षण झालेंच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष असल्यामुळें हुजूरपागा शाळा आणि मग फर्ग्युसन महाविद्यालय असा कमलबाईंचा क्रम झाला. मुलीनें वैद्य व्हावें आणि वैद्याशींच लग्न करावें, अशी वडिलांची इच्छा होती. दोन्ही गोष्टी घडल्या नाहींत. कमलबाईंनीं वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतलें. १३ मे १९३९ रोजीं त्यांचा विवाह झाला तो गणिती जे. टी. रणदिवे यांच्याशीं. या गणिती गृहस्थांनीं पत्नीच्या अभ्यासाला मनापासून साह्य केलें. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती.

१९४३ सालीं पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांतून त्यांनीं एम्. एस्सी. केलें. विषय होता सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींचें पेशी-अनुवंशशास्त्र. सीताफळ आणि रामफळ हीं वऱ्हाडांतील पोरांच्या आवडीचीं फळें. परंतु त्यांच्या पेशींत किती रंगसूत्रें असतात, पेशी दुभंगतांना तीं कशीं वांटलीं जातात, हें बघत बसणें म्हणजे डोळ्यांची आणि धीराची परीक्षाच. या रंगसूत्रांना आतां गुणसूत्रें म्हणतात. झाडांच्या पेशींवर झालेला हा सराव पुढें प्राण्यांच्या आणि माणसांच्या पेशींकडे वळतांना वायां गेला नाहीं.

लग्नानंतर मुंबईस आलेल्या कमलबाई टाटा स्मारक रुग्णालयांत काम करूं लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं पीएच्. डी. चा अभ्यास आरंभला. येथें उंदरांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पारावरच्या त्या उत्तराचा उलगडा उंदरांपासूनच सुरू होतो. बहीणभावांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या, निदान वीस पिढ्या, चालविला म्हणजे उंदरांची अशी जात तयार होते कीं तिच्यांतील सर्व उंदीर अनुवंशानें जवळजवळ एकसारखे असतात. अशा कांहीं जातींत माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होतो, तर कांहींत तो क्वचितच दिसतो. अन्न तेंच, पिंजरा तोच, हवा तीच. तरी फळ निराळें. १९३६ सालीं अमेरिकेंत जॉन बिट्नर यांनीं आणखी एक चमत्कार दाखविला. रोगप्रवण जातीचीं पिल्लें जन्मतांच उचलून निरोगी जातीच्या आईच्या अंगावर पाजलीं, तर त्यांच्यांत रोगाचें प्रमाण एकदम खालीं आलें. म्हणजे अनुवंशाखेरीज आईच्या दुधांतूनहि कांहींतरी जात होतें. पुढें तो विषाणु असल्याचें ठरलें. अनुवंश, शरीरांतील संप्रेरकें आणि विषाणु असा तिहेरी पेंच एका लहानशा प्राण्यांत उभा राहिला.

कमलबाईंनीं या पेंचाचें एक टोंक धरलें. रोग झाल्यावर अर्बुद कापून पाहणारे पुष्कळ होते. रोग होण्यापूर्वीं, सर्व कांहीं सुरळीत दिसत असतांना, रोगप्रवण आणि रोगरोधी जातींच्या स्तनग्रंथींच्या घडणींत कांहीं भेद असतो काय, हें त्यांनीं तपासलें. १९४९ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना पीएच्. डी. दिली. आज्याच्या नव्वद वर्षांचें कारण तंबाखूच्या चांगुलपणांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं. कोणाच्या पेशींत प्रतिकार अधिक असतो, कोणाच्या पेशींत कमी. आणि आपण कोणत्या जातीचे उंदीर आहोंत, हें माणसाला आगाऊ कळत नाहीं.

यानंतर कमलबाई अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत गेल्या. शरीराबाहेर, कांचेच्या नळ्यांत, जिवंत पेशी वाढविण्याच्या विद्येंत गे यांचा हात धरणारा त्या वेळीं क्वचितच कोणी असेल. १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या निग्रो स्त्रीच्या अर्बुदांतून घेतलेल्या पेशी त्यांच्याकडे अखंड वाढत राहिल्या आणि पुढें जगभर गेल्या. त्या पेशींनीं शास्त्राचें अपार काम केलें. परंतु त्या घेतांना बाईला किंवा तिच्या घरच्यांना कोणी विचारलें नाहीं, ही गोष्ट त्या यशाच्या शेजारींच नोंदवून ठेवणें उचित.

विद्या शिकून कमलबाई परत आल्या. १९५२ सालीं खानोलकरांच्या नेतृत्वाखालीं मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें होतें. तेथें त्यांनीं प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ऊतीसंवर्धन म्हणजे वाचण्यास सोपें आणि करण्यास महाकठिण. पेशींना अन्न पाहिजे, ऊब पाहिजे, नेमकी क्षारता पाहिजे. आणि हवेंतील एखादा जंतु आंत शिरला कीं आठवड्यांचें काम एका रात्रींत नासतें. पेशी ज्या पोषक द्रवांत वाढवावयाच्या, तो द्रव दर वेळीं परदेशांतून आणविणें परवडणारें नव्हतें. तेव्हां १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत कमलबाईंनीं आपल्या सहाय्यकांच्या साह्यानें हे द्रव आणि त्यांना लागणारीं रसायनें येथेंच तयार केलीं. अशा कामाला पारितोषिकें मिळत नाहींत. परंतु त्यावांचून पुढचें कोणतेंहि काम होत नाहीं.

मध्यंतरीं त्या प्रयोगशाळेचा संबंध कुष्ठरोगाशींहि आला. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तपोवन उभारलें, त्यामुळें वऱ्हाडांतील वाचकांस या रोगाचें दुःख परकें नाहीं. कुष्ठाचा जंतु प्रयोगशाळेंत वाढविणें ही एक न सुटलेली अडचण होती, व ती आजहि सुटलेली नाहीं. १९५८ सालीं बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनीं एका रोग्याच्या ऊतींतून एक जंतु वेगळा करून तो वाढविला. तो खरा कुष्ठाचाच, कीं त्याचा भाऊबंद, असा वाद झाला, आणि अखेर तो दुसऱ्याच एका कुळांतील ठरला. तरी त्याचा उपयोग झाला. त्याच्यापासून त्याच केंद्रांत डॉ. देव यांनीं १९७९ सालीं लस बनविली. दक्षिण भारतांत तिची मोठी चाचणी झाली, आणि १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिनें सुमारें ६५ टक्के संरक्षण दिल्याचें नमूद झालें.

आतां पुनः विड्याकडे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचें लक्ष मुख्यतः सिगारेट आणि फुफ्फुस यांच्याकडे लागलेलें होतें. गालांत धरलेल्या विड्याची चौकशी त्यांच्या दृष्टीनें दूरदेशची गोष्ट. ती ज्यांच्या घरची होती त्यांनींच ती करणें भाग होतें. १९६३ सालीं रणदिवे, गोठोसकर आणि खानोलकर यांनीं भारतांत विशेषेंकरून आढळणाऱ्या दोन कर्करोगांच्या कारणांविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील एक तोंडाचा कर्करोग, आणि दुसरा कांगडीचा, म्हणजे काश्मिरांत अंगाशीं धरावयाच्या शेगडीनें होणारा. १९७६ आणि १९७९ सालीं सुपारी, तंबाखू आणि विडा यांवरील आणखी प्रयोग जगापुढें आले.

हे प्रयोग करावयाचे कसे? उंदराला विडा चघळावयास लावतां येत नाहीं. म्हणून सुपारीचा आणि तंबाखूचा अर्क काढून तो उंदरांच्या त्वचेवर लावीत किंवा त्वचेखालीं टोंचीत. दुसरा प्राणी निवडला तो हॅम्स्टर. घुशीच्या धाटणीच्या या लहान प्राण्याच्या गालांत पिशव्या असतात आणि तो त्यांत दाणे सांठवून ठेवतो. गालांत खर्रा धरून बसलेल्या माणसाशीं याहून जवळचें साम्य दुसऱ्या कोणत्या प्राण्यांत सांपडणार? अर्क लावावयाचा, महिनोन्महिने थांबावयाचें, अर्क न लावलेले प्राणी शेजारीं ठेवून तुलना करावयाची, आणि अखेर प्रत्येक प्राणी चिरून पहावयाचा. धांवपळीच्या माणसाचें हें काम नव्हे. या चौकशींत अनपेक्षित दिसलें तें असें कीं, दोष एकट्या तंबाखूच्या माथीं मारतां येत नाहीं. सुपारीच्या अर्कानेंहि प्राण्यांना अर्बुदें होत होतीं. मंगलकार्यांत गणपति म्हणून जी मांडावयाची, त्या सुपारीवर असा आरोप येणें लोकांच्या पचनीं पडण्यासारखें नव्हतें, आणि अजूनहि तो अनेकांच्या पचनीं पडलेला नाहीं.

याच सुमारास अमेरिकेंत ब्रूस एम्स यांनीं एक स्वस्त आणि जलद परीक्षा शोधून काढली होती. साल्मोनेला जंतूंची एक अशी जात घ्यावयाची कीं हिस्टिडीन नांवाचें द्रव्य स्वतः तयार करण्याची तिची शक्ति अनुवंशांतील एका दोषामुळें नष्ट झालेली आहे. हिस्टिडीन नसलेल्या थाळींत असे जंतु उपाशी मरतात. आतां त्यांत संशयित पदार्थ घातला आणि जंतूंचे ठिपके उगवूं लागले, तर त्या पदार्थानें जंतूंचा अनुवंश बदलला, असें समजावयाचें. जेवढे ठिपके अधिक, तेवढा संशय दाट. कांहीं पदार्थ यकृतांतून गेल्यावरच घातक होतात, म्हणून त्या थाळींत उंदराच्या यकृताचा अर्कहि मिसळतात. जें काम प्राण्यांवर करण्यास दीड-दोन वर्षें लागत, त्याचा प्राथमिक कौल दोन दिवसांत मिळूं लागला.

कमलबाईंच्याच संस्थेंत, तिचें नांव पुढें कर्करोग संशोधन संस्था असें झालें होतें, डॉ. सुमति भिडे आणि त्यांचे सहकारी यांनीं ही परीक्षा विड्याला लावली. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामांत विडा आणि त्याचे घटक जंतूंवर तपासले होते, आणि त्याच पदार्थांनीं उंदरांना अर्बुदें होतात काय हेंहि ताडून पाहिलें होतें. सुपारी दोन्हीकडे दोषी दिसली. नागवेलीचें पान मात्र निर्दोष निघालें. इतकेंच नव्हे, तर तंबाखूंतील नायट्रोसामाइन नामक घातक द्रव्याचा परिणाम पानाच्या अर्कानें कमी होतो, असें १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. अंजनगांव-सुर्जीच्या पानमळेवाल्यांनीं ऐकून समाधान मानावें अशी ही वार्ता आहे. अर्थात् पान खाल्लें म्हणून तंबाखू पचते, असा तिचा अर्थ कोणीं काढूं नये.

दुसऱ्या बाजूनें माणसांकडूनहि साक्ष मिळाली. तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाच्या आंतील पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या असतां, गुणसूत्रांचे तुटलेले तुकडे मूळ केंद्रकाच्या बाहेर ठिपक्यांसारखे पडलेले आढळूं लागले. गांठ येण्याच्या कित्येक वर्षें आधीं, माणूस ठणठणीत असतांना, पेशींतील मोडतोड अशी डोळ्यांना दिसते.

१९६६ ते १९७० या काळांत कमलबाईंनीं संस्थेच्या कार्यकारी संचालकाचें काम पाहिलें. कर्करोगाची उत्पत्ति, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांनीं उघडले. दोनशेंहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नांवावर आहेत. १९७३ सालीं भारतीय महिला वैज्ञानिक संघटना मुंबईस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. शिकलेल्या मुली लग्नानंतर प्रयोगशाळा सोडतात, ही उणीव त्यांना रोज समोर दिसत होती; त्या संघटनेनें पुढें वसतिगृह आणि पाळणाघर काढलें, तें याच विचारानें. १९८२ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें. उतारवयांत त्या अकोला तालुक्यांतील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करीत हिंडल्या. हा अकोला तालुका वऱ्हाडांतील नव्हे, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील. नामसाम्यामुळें घोटाळा होतो म्हणून सांगितलें. उंदीर, हॅम्स्टर आणि कांचेंतील पेशी यांत आयुष्य गेलेल्या बाई अखेरीस डोंगरांतल्या पाड्यांवर मुलांचीं वजनें मोजीत होत्या, यांत विसंगति कांहीं नाहीं. अनुवंशाबरोबर परिस्थितीहि तपासावयाची, हा त्यांचा जुनाच नेम होता. ११ एप्रिल २००१ रोजीं त्यांचें निधन झालें.

कर्करोगाच्या कारणांचा निवाडा करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था फ्रान्समध्यें लिओं येथें आहे. १९८५ सालीं तिनें तंबाखूयुक्त विडा हा कर्करोगकारक ठरविला. तंबाखूविरहित विड्याविषयीं मात्र पुरावा अपुरा आहे असें सांगून तो प्रश्न खुला ठेवला. पुढील वीस वर्षांत निरनिराळ्या देशांतून पुरावा जमत गेला. भारतांतील प्रयोगहि त्या विचारांत घेतले गेले. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निवाड्यांत तंबाखूविरहित विडा आणि सुपारी हीं दोन्हीं कर्करोगकारक म्हणून घोषित झालीं. तो निवाडा पाहण्यास कमलबाई हयात नव्हत्या. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली.

रिद्धपूरच्या जुन्या विड्यांत पान होतें, सुपारी होती, तंबाखू नव्हती. आजच्या खर्ऱ्यांत सुपारी आहे, तंबाखू आहे आणि चुना आहे. चौकशींत जें एकटें निर्दोष सुटलें, तें पान मात्र खर्ऱ्यांत घालीत नाहींत.